'निगेटिव्ह' रक्तगट हा दोष नाही : आरएच विसंगती आणि नवजात बाळाची कावीळ

बौद्ध वधू-वर परिचय मेळाव्यांच्या पुस्तिका चाळल्या तर एक बदल सहज लक्षात येतो. रास, नाडी, गण, नक्षत्र हे रकाने आपल्यातील बहुतेकांनी केव्हाच काढून टाकले. त्यांच्या जागी शिक्षण, नोकरी, उंची आणि रक्तगट आले. रक्तगट लिहायला काहीच हरकत नाही. हरकत आहे ती त्या रकान्याकडे पाहण्याच्या नजरेला. मुलगी शिकलेली, घर चांगले, सगळे जुळत आलेले आणि बायोडाटात 'बी निगेटिव्ह' दिसले की बोलणी थांबतात. अशा मुलीची मुले जगत नाहीत, असे कुणीतरी सांगितलेले असते. दुसरीकडे मुलगा आणि मुलगी दोघेही 'ओ पॉझिटिव्ह' निघाले तरी लोक कचरतात, कारण 'एकच रक्तगट चालत नाही' ही समजूत घट्ट बसलेली आहे. पत्रिका गेली आणि तिच्या जागी रक्तगटाची पत्रिका आली, असे म्हणायची वेळ आली आहे.

यातली दुसरी समजूत पूर्ण खोटी आहे. पहिलीत एका खऱ्या आजाराचा धागा आहे. पण तो आजार टाळणारे इंजेक्शन १९६८ पासून वापरात आहे. तरीही त्या आजाराने आजही बाळे दगावतात, काही बहिरी होतात, काहींना आयुष्यभराचे अपंगत्व येते. यात रक्तगटाचा दोष नसतो. रक्तगट वेळेवर तपासला जात नाही, कागदावर लिहिलेला कुणी वाचत नाही, इंजेक्शन मिळत नाही किंवा ते लागते हेच घरात कुणाला माहीत नसते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

रक्तगटाचे दोन भाग

आपण 'ए पॉझिटिव्ह', 'ओ निगेटिव्ह' म्हणतो तेव्हा दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र सांगत असतो. पहिला भाग ए, बी, एबी किंवा ओ. हे गट व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली मांडले आणि त्यासाठी त्यांना १९३० चे नोबेल मिळाले. दुसरा भाग पॉझिटिव्ह की निगेटिव्ह. हा आरएच गट. १९४० मध्ये लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी ऱ्हीसस जातीच्या माकडांच्या रक्तावर केलेल्या प्रयोगांतून हे नाव आले.

लाल पेशीच्या आवरणावर 'डी' नावाचे एक प्रथिन असेल तर ती व्यक्ती आरएच पॉझिटिव्ह, नसेल तर निगेटिव्ह. फरक एवढाच. निगेटिव्ह म्हणजे रक्त कमी, रक्त पातळ किंवा रक्तात दोष असे काहीही नाही. भारतात शंभरात साधारण पाच माणसे निगेटिव्ह असतात, युरोपीय वंशाच्या लोकांत हेच प्रमाण पंधराच्या आसपास असते. म्हणजे हजार मुलींच्या महाविद्यालयात पन्नासेक मुली निगेटिव्ह असणार. हा काही दुर्मिळ आजार नव्हे.

हा गुण आईवडील दोघांकडून येतो. पॉझिटिव्ह माणसाकडे डी ची एक प्रत असू शकते किंवा दोन. दोन्ही प्रती नसतील तेव्हाच माणूस निगेटिव्ह. त्यामुळे पॉझिटिव्ह आई आणि पॉझिटिव्ह वडील यांच्या पोटी निगेटिव्ह मूल जन्माला येऊ शकते. दोघांकडे एकेकच प्रत असली की झाले. 'आम्ही दोघे पॉझिटिव्ह, मग पोरगी निगेटिव्ह कशी?' असे विचारून बायकोवर संशय घेणाऱ्यांनी दहावीच्या विज्ञानातला आनुवंशिकतेचा धडा पुन्हा वाचावा.

विसंगती नेमकी कुठे?

अडचण फक्त एकाच जोडीत येऊ शकते : आई आरएच निगेटिव्ह आणि वडील आरएच पॉझिटिव्ह. आई पॉझिटिव्ह असेल तर वडील काहीही असोत, या डी ची काळजी नाही. दोघेही निगेटिव्ह असतील तर बाळही निगेटिव्हच होते, तेव्हाही नाही. नवरा-बायको दोघांचा गट तोच असला तर त्यातून कसलाही आजार होत नाही, वंध्यत्व येत नाही, मूल अपंग होत नाही.

आणखी एक प्रचार हल्ली समाजमाध्यमांवर जोरात आहे. 'एकनाडी म्हणजेच एक रक्तगट. आपल्या पूर्वजांना हे विज्ञान आधीच माहीत होते.' नाडी जन्मनक्षत्रावरून काढतात. सत्तावीस नक्षत्रे तीन नाड्यांत वाटलेली असतात. रक्तगटाचा नक्षत्राशी संबंध नाही. जुळ्या भावंडांचे नक्षत्र एक असूनही रक्तगट वेगळे असू शकतात. शिवाय गंमत पाहा, आरएच विसंगतीत धोका असतो तो रक्तगट वेगळा असताना. एकनाडीवाले म्हणतात की सारखे असले की धोका. म्हणजे ओढूनताणून विज्ञान चिकटवायला गेले आणि तेही उलटे चिकटले.

आईचे शरीर बाळाच्या रक्ताशी का लढते?

पोटात असताना आई आणि बाळ यांचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. मध्ये वार असते. अन्न आणि प्राणवायू वारेतून जातो, रक्तपेशी सहसा जात नाहीत. मात्र प्रसूतीच्या वेळी वार सुटताना बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात शिरते. गर्भपातात, गर्भ नळीत राहिल्यास, गरोदरपणात रक्तस्राव झाल्यास, पोटावर मार बसल्यास, गर्भजलाची तपासणी करताना किंवा आडवे बाळ बाहेरून फिरवतानाही असे होऊ शकते. एक मिलिलिटरपेक्षाही कमी रक्त पुरते.

आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर आईच्या शरीराला 'डी' हे प्रथिन परके वाटते. जंतू शिरल्यावर शरीर जसे प्रतिपिंड तयार करते तसेच ते डी विरुद्धही करते. पहिल्या वेळी ही प्रतिक्रिया हळू असते आणि सुरुवातीचे प्रतिपिंड आकाराने मोठे असल्याने वारेतून पलीकडे जात नाहीत. शिवाय तोवर बाळ जन्मलेले असते. म्हणून पहिले बाळ बहुधा सुखरूप असते. पण शरीराने ओळख लक्षात ठेवलेली असते. पुढच्या खेपेला बाळ पुन्हा पॉझिटिव्ह असले की लहान आकाराचे प्रतिपिंड भराभर तयार होतात, वार ओलांडून बाळापर्यंत पोचतात आणि त्याच्या लाल पेशी फोडू लागतात. त्यापुढच्या प्रत्येक गरोदरपणात हे बहुधा आणखी तीव्र होते.

'पहिले नीट झाले, पुढची जगली नाहीत' ही गोष्ट जुन्या पिढीतल्या कितीतरी घरांत ऐकायला मिळते. बालमृत्यूची कारणे तेव्हा अनेक होती, प्रत्येक घरात हेच कारण होते असे नव्हे. पण जिथे हे कारण होते तिथेही बाईलाच पांढऱ्या पायाची ठरवले गेले, करणी शोधली गेली, दुसरे लग्न लावले गेले. कोड्याची किल्ली १९३९ मध्ये सापडू लागली. न्यूयॉर्कमध्ये एका बाईला मृत बाळ झाले, रक्तस्राव झाला म्हणून नवऱ्याचे रक्त दिले आणि तिची प्रकृती गंभीर झाली. दोघेही ओ गटाचे होते. फिलिप लेव्हिन आणि रूफस स्टेट्सन यांनी निष्कर्ष काढला की बाळाला वडिलांकडून मिळालेल्या कुठल्यातरी घटकाविरुद्ध आईच्या रक्तात प्रतिपिंड तयार झाले असावेत. १९४१ पर्यंत लेव्हिन यांनी त्याचा संबंध नवजात बाळांच्या या आजाराशी जोडला. हे असेल तर ते होते, हे नसेल तर ते होत नाही, हा कार्यकारणाचा विचार आपल्याला नवा नाही. इथे तो परीक्षानळीत दिसला.

मुलीला लहानपणी किंवा अपघातानंतर चुकून पॉझिटिव्ह रक्त चढवले गेले तर हे प्रतिपिंड लग्नाआधीच तयार झालेले असू शकतात. अशा वेळी पहिले बाळही धोक्यात येते. निगेटिव्ह मुलीला कधी रक्त दिले असेल तर त्याचे कागद जपून ठेवा.

बाळाला काय होते?

लाल पेशी फुटल्या की दोन गोष्टी घडतात. रक्त कमी होते आणि फुटलेल्या पेशींतून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. पोटात असेपर्यंत हे बिलिरुबिन वारेतून आईकडे जाते आणि तिचे यकृत ते बाहेर टाकते. म्हणून बाळ जन्मताना पिवळे नसते. पोटातला खरा धोका पंडुरोगाचा, म्हणजे रक्त फार कमी होण्याचा. तो वाढला तर बाळाच्या हृदयावर ताण येतो, अंगात आणि पोटात पाणी साठते, बाळ पोटातच दगावू शकते.

नाळ कापली की चित्र बदलते. आता बिलिरुबिन बाहेर टाकण्याचे काम बाळाच्या कोवळ्या यकृताचे, आणि ते तेवढे तयार नसते. पहिल्या चोवीस तासांतच कावीळ दिसू लागते. बिलिरुबिन फार वाढले तर ते मेंदूत शिरते. बाळ आधी सुस्त होते, दूध ओढत नाही, अंग सैल पडते. मग कर्कश रडते, अंग धनुष्यासारखे मागे ताणते, झटके येतात. यातून वाचलेल्या मुलांत बहिरेपणा, हातापायांच्या विचित्र अनियंत्रित हालचाली, नजर वर न वळणे असे कायमचे परिणाम राहतात. एवढे सगळे काही दिवसांत, कधी काही तासांत घडते. आणि एवढे सगळे टाळता येते.

ओ गटाची आई, आणि 'बॉम्बे' गट

आरएचपेक्षा जास्त वेळा दिसणारी विसंगती ए-बी-ओ गटांची आहे. आई ओ गटाची आणि बाळ ए किंवा बी गटाचे असेल तर आईच्या रक्तातले ए आणि बी विरुद्धचे प्रतिपिंड बाळाच्या पेशी फोडू शकतात. हे प्रतिपिंड जन्मतः नसले तरी लहानपणीच तयार होतात, त्यामुळे पहिल्या बाळालाही कावीळ होऊ शकते. याला प्रतिबंधक इंजेक्शन नाही. सुदैवाने हा प्रकार बहुधा सौम्य असतो, पोटात बाळाला सहसा काही होत नाही आणि निळ्या प्रकाशाखाली ठेवून बरे होते. पण सौम्य म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखा नव्हे. आई ओ गटाची असेल तर पहिले तीन-चार दिवस बाळाच्या रंगावर लक्ष ठेवायचे. म्हणून ओ गटाच्या मुलींना नकार द्यायचा का? मग भारतात लग्नेच होणार नाहीत.

मुंबईशी जोडलेला एक दुर्मिळ गटही आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत तो शोधला, म्हणून जगभर तो 'बॉम्बे ब्लड ग्रुप' या नावाने ओळखला जातो. साध्या तपासणीत हा गट ओ सारखा दिसतो, पण या लोकांना ओ गटाचेही रक्त चालत नाही, फक्त त्याच गटाच्या माणसाचे चालते. भारतात साधारण दहा हजारांत एक अशी व्यक्ती असते. ओ गटाच्या माणसाचे रक्त कुठल्याच ओ पिशवीशी जुळत नाही असे रक्तपेढीने सांगितले तर हा गट आठवावा.

इंजेक्शनची गोष्ट

उपाय शोधला तो उलट्या विचाराने. बाळाच्या पेशी आईच्या रक्तात शिरल्यावर तिच्या शरीराला त्यांची ओळख पटण्याआधीच त्या साफ केल्या तर? त्यासाठी बाहेरून तयार प्रतिपिंडच थोडे टोचायचे. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला रोनाल्ड फिन आणि सिरिल क्लार्क यांनी, तर न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट फ्रेडा, जॉन गॉर्मन आणि विल्यम पोलॅक यांनी एकाच सुमारास यावर काम केले. क्लार्क हे डॉक्टर असूनही फुलपाखरांच्या आनुवंशिकतेचे अभ्यासक होते आणि तिकडूनच ते रक्तगटांकडे वळले. न्यूयॉर्कच्या गटाने सुरुवातीचे प्रयोग सिंग सिंग तुरुंगातल्या निगेटिव्ह गटाच्या पुरुष कैद्यांवर केले. ते स्वयंसेवक होते अशी नोंद आहे. तुरुंगात स्वेच्छा कितपत स्वेच्छा असते, हा प्रश्न मात्र विचारायला हवा. औषधांच्या इतिहासात अशा लोकांची नावे कुठे येत नाहीत. १९६८ मध्ये या 'अँटी-डी' इंजेक्शनला परवानगी मिळाली.

हे औषध मुख्यतः रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून बनते. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन यांच्या रक्तात डी विरुद्धचे प्रतिपिंड भरपूर होते. चौदाव्या वर्षी छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियेत अनोळखी लोकांच्या रक्तावर जगलेल्या या माणसाने १९५४ पासून २०१८ पर्यंत, वयाच्या ८१ व्या वर्षापर्यंत, एक हजार एकशे त्र्याहत्तर वेळा रक्त-प्लाझ्मा दिला. त्यातून सुमारे चोवीस लाख बाळांना संरक्षण मिळाले असा तिथल्या रेडक्रॉसचा अंदाज आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत ते वारले. भारतात आता प्रयोगशाळेत तयार केलेले मोनोक्लोनल अँटी-डीसुद्धा मिळते.

परिणाम किती? इंजेक्शन दिले नाही तर निगेटिव्ह आई आणि पॉझिटिव्ह बाळ अशा शंभर बाळंतपणांत साधारण सोळा मातांच्या रक्तात पुढे प्रतिपिंड तयार होतात. बाळंतपणानंतर वेळेत दिले तर हा आकडा एक-दोनवर येतो. सातव्या महिन्यातही दिले तर हजारात दोन-तीनवर.

गरोदरपणात काय करायचे?

पहिल्याच तपासणीत रक्तगट. तो माता व बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यायचा, 'माहीत आहे' म्हणून सोडायचा नाही. शाळेच्या ओळखपत्रावरचा रक्तगट अनेकदा अंदाजपंचे असतो. निगेटिव्ह निघाला तर नवऱ्याचा रक्तगट तपासायचा. तो पॉझिटिव्ह असेल तर आईची 'इनडायरेक्ट कूम्ब्ज' नावाची रक्ततपासणी करतात. आईच्या रक्तात प्रतिपिंड आधीच तयार झाले आहेत का, हे तिच्यातून कळते.

तपासणी निगेटिव्ह आली, म्हणजे प्रतिपिंड नाहीत, तर २८ व्या आठवड्यात अँटी-डीचे एक इंजेक्शन. प्रचलित मात्रा ३०० मायक्रोग्रॅम, दंडात किंवा मांडीत. कूम्ब्जसाठी रक्त इंजेक्शनच्या आधी घ्यावे, कारण नंतर टोचलेलेच प्रतिपिंड तपासणीत दिसतात आणि उगाच घबराट होते. बाळ जन्मले की नाळेतले रक्त घेऊन बाळाचा गट, कूम्ब्ज, हिमोग्लोबिन आणि बिलिरुबिन तपासतात. बाळ निगेटिव्ह असेल तर पुढे काही लागत नाही. पॉझिटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत आईला दुसरे इंजेक्शन. आईला, बाळाला नव्हे. यात घरच्यांचा नेहमी घोळ होतो. सातव्या महिन्यात दिले होते म्हणून बाळंतपणानंतरचे चुकवायचे नाही, कारण पहिल्याचा असर तोवर ओसरलेला असतो. ७२ तास उलटून गेले तरी 'आता काय उपयोग' म्हणून घरी बसू नये. उशिरा, दहा दिवसांपर्यंतही काही संरक्षण मिळू शकते. आणि हे सगळे प्रत्येक बाळंतपणात नव्याने करायचे.

गर्भपात, नळीतला गर्भ, रक्तस्राव किंवा पोटाला मार या वेळीही अँटी-डीचा विचार करावा लागतो. बारा आठवड्यांच्या आतल्या गर्भपातात ते लागतेच का, याबाबत वेगवेगळ्या देशांच्या सूचनांत फरक आहे. तो निर्णय डॉक्टरांचा. पण रक्तगट निगेटिव्ह आहे हे त्यांना सांगणे आपले काम. औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणून घरात झालेल्या गर्भपाताची नोंद कुठेच राहत नाही. मोठ्या महिन्यांत असे केले तर जिवाला धोका आहेच, शिवाय तिथेच प्रतिपिंडांची सुरुवात होते आणि पुढच्या खेपेला कुणालाच कारण कळत नाही.

प्रतिपिंड आधीच तयार झाले असतील तर अँटी-डीचा उपयोग नाही. तेव्हा मोठ्या रुग्णालयात नाव घालावे लागते. तिथे प्रतिपिंडांचे प्रमाण वेळोवेळी मोजतात, सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीचा वेग पाहून रक्त किती कमी झाले याचा अंदाज घेतात. गरज पडल्यास पोटातल्या बाळालाच रक्त देतात. न्यूझीलंडचे विल्यम लायली यांनी १९६३ मध्ये हे पहिल्यांदा यशस्वी केले. आज ते सोनोग्राफीत पाहत थेट नाळेतल्या रक्तवाहिनीत देतात. अशा आईलाही जिवंत, निरोगी मूल होऊ शकते, फक्त वेळेत पोचायला हवे.

जन्मानंतर : प्रकाश आणि रक्तबदल

निळ्या प्रकाशाच्या उपचाराची कथा एका परिचारिकेपासून सुरू होते. १९५० च्या दशकात इंग्लंडच्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड बाळांना बागेत कोवळ्या उन्हात नेत असत. एका बाळाची त्वचा फिकी झाली होती, पण कपड्याखाली झाकलेला तुकडा तेवढा पिवळाच राहिला होता. तिने तो डॉक्टरांना दाखवला. १९५८ मध्ये तिथले रिचर्ड क्रेमर आणि सहकाऱ्यांनी प्रकाशोपचारावर निबंध प्रसिद्ध केला. विशिष्ट निळा प्रकाश बिलिरुबिनचे रूप बदलतो आणि मग ते यकृताच्या मदतीशिवायही बाहेर पडू शकते. डोळे झाकून, लंगोट सोडून बाकी अंग उघडे ठेवून बाळाला दिव्याखाली ठेवतात. 'काचेत ठेवले' म्हणून आया घाबरतात. घाबरण्यासारखे त्यात काही नाही. दूध पाजायला बाळ बाहेर काढता येते आणि पाजायलाच हवे.

यावरून 'मग घरीच ऊन दाखवू' असा अर्थ काढू नये. आरएचच्या काविळीत ऊन पुरे पडत नाही आणि मधले तास वाया जातात. बिलिरुबिन फारच वाढले तर बाळाचे रक्त थोडे थोडे काढून दुसरे रक्त भरतात. त्यासाठी निगेटिव्ह रक्त लागते आणि ते तातडीने लागते. घरी आल्यावरही काही आठवडे पेशी फुटत राहू शकतात, म्हणून दीड-दोन महिन्यांपर्यंत हिमोग्लोबिन तपासत राहावे. आईचे दूध बंद करू नये. दुधातल्या प्रतिपिंडांनी हा आजार वाढत नाही.

घरातल्या काही गोष्टी

बाळंतिणीची खोली अंधारी ठेवण्याची पद्धत अजून आहे. अंधारात आणि पिवळ्या बल्बखाली कावीळ दिसत नाही, सावळ्या बाळात तर मुळीच नाही. दिवसातून एकदा बाळाला खिडकीपाशी न्यावे, कपाळ, छाती आणि तळपाय बोटाने हलके दाबून सोडावे, डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पाहाव्यात. पहिल्या चोवीस तासांत पिवळेपणा दिसला, कधीही तळहात-तळपायापर्यंत पोचला किंवा बाळ दूध ओढेनासे झाले तर रात्र असली तरी निघावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसणारी हलकी कावीळ बहुतेक बाळांत आपोआप जाते, पण ती हलकी आहे की नाही हे रक्त तपासूनच ठरते.

गळ्यात काविळीची माळ, चुन्याच्या पाण्याने कावीळ उतरवणे, पोटावर चटके यांनी बिलिरुबिन एका बिंदूने कमी होत नाही. आणि एक फारशी माहीत नसलेली गोष्ट : बाळाच्या दुपट्यांत डांबर गोळ्या ठेवू नयेत. जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या लाल पेशी त्या वासानेही फुटू शकतात, आणि ती कमतरता आपल्याकडे अनेकांत असते.

हक्क आणि अडथळे

अँटी-डी बाजारात महाग आहे, मजुरी करणाऱ्या घराला एका इंजेक्शनची किंमत कित्येक दिवसांची कमाई पडते. पण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११) सरकारी रुग्णालयात बाळंतपण, औषधे, तपासण्या, रक्त आणि वाहतूक मोफत असणे अपेक्षित आहे. आजारी नवजात बाळाचा उपचारही. 'बाहेरून आणा' म्हणून चिठ्ठी दिली तर ती जपून ठेवावी आणि वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी विचारावे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते. सातव्या महिन्यातच कार्ड दाखवून विचारून ठेवले तर बाळंतपणाच्या रात्री धावाधाव होत नाही.

१९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा, अशी भूमिका घेतली होती. अँटी-डीची मागणी त्याच वाटेवरची आहे. ती कुणाची मेहेरबानी नव्हे.

प्रत्यक्षात गाडी अडते ती साध्या ठिकाणी. तपासण्या सासरच्या गावी, बाळंतपण माहेरी आणि कार्ड सासरीच राहिलेले. बाळाचा रक्तगट शनिवारी पाठवला, अहवाल मंगळवारी. तोवर आईला घरी सोडलेले. आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी येतात तेव्हा त्यांच्यासमोर कार्ड ठेवले तरी यातले बरेच चुकते दुरुस्त होते.

मंडळांनी करण्यासारखे

१४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपल्याकडे रक्तदान शिबिरे भरपूर होतात. त्याच दिवशी विहारात तरुण मुलींची रक्तगट तपासणी ठेवता येईल आणि नोंद असलेले कार्ड त्यांच्या हातात देता येईल. शिबिरात निगेटिव्ह गटाचे जे दाते सापडतात त्यांना सगळ्यांनी एकाच दिवशी रक्त द्यायला लावण्यापेक्षा त्यांची संमती घेऊन यादी करावी आणि गरज पडेल तेव्हा बोलवावे. साठवलेल्या लाल पेशी पाच-सहा आठवडेच टिकतात.

लग्नाआधी रक्त तपासायचेच असेल तर विदर्भातल्या आपल्या मंडळींनी सिकलसेल तपासावा. बौद्ध आणि आदिवासी समाजात तिथे त्याचे वाहक बरेच आहेत. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते आणि त्यावर अँटी-डीसारखे एका सुईचे उत्तर नाही. थॅलेसेमियाचेही तसेच. परिचय मेळाव्याच्या अर्जात रक्तगटाचा रकाना ठेवायचा तर ठेवा. त्याच्या शेजारी 'सिकलसेल तपासणी केली आहे का?' हा रकाना घाला आणि खाली एक ओळ छापा : आरएच निगेटिव्ह वधूसाठी २८ व्या आठवड्यात आणि बाळंतपणानंतर ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन.